कार्ड सात, भाग ब

३ फेब्रुवारी

ताई,

तेरा वर्षांनी लिहिलेल्या पत्राचा मायना कसा असावा, ते मला ठाऊक नाही. पत्रलेखनाच्या पेटीत माझंच एक कार्ड आहे, त्यावर लिहिलंय की मायना नात्याप्रमाणे बदलतो. नातं कुठल्या खणात टाकायचं, ते त्या कार्डावर नाही. तेव्हा मायना सोडून देतो.

मी अजून साधन केंद्रातच आहे. तीच इमारत, तोच दुसरा मजला, तेच डुगडुगणारं टेबल. खिडकीसमोरचं झाड तेवढं तोडलं. शाळांना लेखनाच्या आणि माध्यमांच्या तासासाठी ज्या पेट्या जातात त्या मी भरतो, परत आल्या की तपासतो, फाटकी कार्डं बदलतो. बातमी कशी वाचायची, जाहिरात काय लपवते, खालची एक ओळ फोटोचा अर्थ कसा फिरवते, हे सगळं पुठ्ठ्याच्या एका पेटीत मावतं. झाकणावर तीन प्रश्न छापलेत. कोण सांगतंय? कशासाठी सांगतंय? काय गाळलंय? प्रश्न माझे आहेत. तेव्हा मी त्यांच्यावर भलताच खूश होतो.

पत्राचं कारण किरकोळ आहे. काल एका शाळेतून पेटी परत आली. कार्ड सातच्या पाकिटात वहीचा अर्धा कागद निघाला. पेन्सिलीने, गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, "पाकीट रिकामं आहे. मग त्या बाईने मारलं की नाही?" खाली नाव नव्हतं. पाचवी ब, एवढंच.

तुला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. प्रत्येक फोटोचं कार्ड दोन भागांत असतं. भाग अ म्हणजे कापलेला फोटो. मुलं तो बघतात, खाली फोटोओळ लिहितात, वर्गात वाचून दाखवतात. मग शिक्षकाने बंद पाकीट उघडायचं आणि भाग ब, म्हणजे कापून काढलेला तुकडा, फोटोला जोडून दाखवायचा. आपण अर्धं बघून पुरतं लिहिलं, हे तेव्हा मुलांच्या लक्षात येतं. सगळा धडा त्या पाकिटात आहे.

तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, "खिडकी लाव रे", "बाई पेन नाही" यात दहा मिनिटं जातात. फोटोओळी वाचून होईस्तोवर घंटा होते. पेट्या परत येतात तेव्हा पाकिटांवरची चिकटपट्टी जशीच्या तशी असते. पहिल्या वर्षी मी चिडलो. दुसऱ्या वर्षी झाकणाच्या आतल्या बाजूला लाल अक्षरांत सूचना छापून घेतली. तिसऱ्या वर्षापासून मला काही वाटेनासं झालं. उलट काम वाचतं, न उघडलेलं पाकीट पुन्हा भरावं लागत नाही.

कार्ड सातचं पाकीट आजवर कुणी उघडलं नव्हतं. हिने उघडलं. मुलगीच असावी, असं आपलं मला वाटतं.

कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय. तुझा पत्ता माझ्याकडे जुनाच आहे, त्यावर पाठवतो.

— धाकटा


१९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं. पोस्टमनने त्यावर "घेण्यास नकार" असं लिहिलंय. पाकीट मी सवयीने उलटसुलट करून पाहिलं, तर ते उघडलेलं नव्हतं. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

आता पाठवायचंच नाही म्हटल्यावर लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही होत नाही.

तुझी भिंगरी आली आहे. इथे, केंद्रात. शिक्षक प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर वर्षी त्यांची एक तुकडी आमच्याकडे पाठवतात, महिनाभर पेट्या हाताळतात आणि शेवटी एकेका कार्डावर सराव पाठ घेतात. यादीत भावोजींचं आडनाव दिसलं, तेव्हा मी दोनदा वाचलं आणि पुढच्या नावाकडे वळलो. मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही.

ती उंच झाली आहे. चालते तुझ्यासारखी, टाचा आपटत. लहानपणी घेरी येऊन पडेपर्यंत स्वतःभोवती फिरायची, म्हणून तर बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता खुर्चीत बसली की बसली. हातसुद्धा हलत नाहीत.

"तुम्ही मामा ना?" ती म्हणाली. "मी लगेच ओळखलं."

पूर्वी ती मला 'तू' म्हणायची. मी म्हटलं, "चहा घेणार?" तेरा वर्षांनी भाचीशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. ती साखर घेत नाही.

कपाटातून तिने आपण होऊन चौथी पेटी काढली आणि कार्डं चाळत सातवर थांबली. तुला ते कार्ड कधी कुणी दाखवलं नाही, पण फोटो तुला माहीत आहे. आपलं अंगण. स्टुलावर चार वर्षांची मुलगी उभी, तोंड वासून रडते आहे. शेजारी तिची आई. दात आवळलेले, मान ताठ, उजवा हात सरळ वर. हात मनगटापर्यंत दिसतो. तिथे फोटो संपतो.

"हे आम्हाला तिसरीत होतं," भिंगरी म्हणाली. "मी वर्गात उठून सांगितलं होतं, ही माझी आई आहे. बाई घाबरल्याच. मग ते सगळं सुरू झालं. नंतर मला समजावलं की ही दुसरीच कुणीतरी आहे, घरी तसं होत असल्यामुळे मला तसं वाटलं."

"कुणी समजावलं?"

"त्या चौकशीवाल्या बाईंनी. त्यांनी म्हणे तुम्हालाच विचारलं होतं."

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. तक्रार नाही, टोमणा नाही. मी म्हटलं, "असेल."

"मी सराव पाठ याच कार्डावर घेणार आहे, मामा. या कार्डाने मला वाचवलं असं मी मानते. नाहीतर आई मारते हे मी कुणाला बोललेच नसते."

मी कप विसळायला उठलो. विसळता विसळता विचारलं, की आई मारायची हे तुला आठवतं का गं.

"अगदी स्पष्ट. अंगणात. हात वर केलेला."

"आणि एरवी?"

मी दुसरा कपही विसळला.

"तेवढंच आठवतं," ती म्हणाली. "पण ते फार स्पष्ट आठवतं."

— धाकटा


२ मार्च

ताई,

आज सुट्टी, केंद्र बंद आहे. घरी टेबल नाही, म्हणून ओट्याशी उभं राहून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आधी फोटोचं. बाबा पत्र्यावर चढून पन्हळीतला पाचोळा काढत होते. शिडी भिंतीला टेकवलेली होती आणि ती धरून उभं राहण्याचं काम माझं होतं. मी नवा कॅमेरा घेऊन भिंगरीचे फोटो काढत होतो. शिडी सरकली, तिच्या अंगावरच येत होती. तू उजवा हात वर केलास आणि तळहातावर शिडी झेललीस. मी बटण दाबलं. आधी बटण दाबलं, मग धावलो. तू ओरडलीस, "अरे मेल्या, फोटो काय काढतोस! धर की!" तळहाताला तीन टाके पडले. टाके घालताना तू कंपाउंडरला विचारलंस की फुली-टाका येतो का, म्हणजे नक्षी तरी होईल, आणि तो इतका हसला की डॉक्टर आत बघायला आले. घरी आल्यावर हुकूम सुटला, आठवडाभर भांडी धाकट्याकडे. मी चार दिवस घासली.

दोन वर्षांनी पेटी बनवताना मला असा फोटो हवा होता की जो कापला तर अर्थ उलटा व्हावा. याच्याइतका चांगला फोटो मला सापडला नाही. वरची दोन बोटं रुंदीची पट्टी कापली, तिच्यात तुझा पंजा आणि शिडी गेली, शिडीचा खालचा भाग मुळात चौकटीत नव्हताच, आणि खाली एक मारकुटी बाई उरली. मी तो स्वतःशीच चार वेळा जोडून-तोडून पाहिला. काम फक्कड जमलं होतं.

फोटोतल्या माणसाचं संमतीपत्र लागतं. तेव्हा तुझं भावोजींशी बिनसलेलं होतं, तू फोन घेत नव्हतीस आणि छपाईची तारीख जवळ आली होती. शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांऐवजी तूच सही करायचीस. ती बघून बघून मला येत होती. मी केली.

हे तुला माहीत नव्हतं. पुढचंही माहीत नाही. तुला वाटतं मी तुझ्या बाजूने बोलायला आलो नाही. एवढंच असतं तर मी तुला केव्हाच तोंड दाखवलं असतं.

भिंगरीने वर्गात ते सांगितल्यावर बालकल्याण कचेरीतल्या चौकशी अधिकारी बाई केंद्रात आल्या. हातात कार्ड सात. समोर बसून त्यांनी विचारलं, फोटो कुणी काढला? ही तुमची बहीण का? पूर्ण फोटो कुठे आहे? त्याच आठवड्यात माझी नेमणूक कायम व्हायची होती. फोटो बहिणीचा म्हटलं की संमतीपत्र निघणार, तुला विचारणार, सही खोटी ठरणार. एवढा हिशोब मी त्यांनी खुर्ची पुढे ओढेपर्यंत केला. मग सांगितलं, फोटो जुन्या संग्रहातला आहे. ही माझी बहीण नाही. पूर्ण फोटो नाही.

तीन वाक्यं. बाईंनी लिहून घेतली आणि चहा न घेता गेल्या.

त्यावरून त्यांनी जे लिहिलं ते तुलाही ऐकवलं असेल. कार्डाचा आणि या घराचा संबंध नाही, म्हणजे मुलगी सांगते ते तिच्या स्वतःच्या आठवणीतलं आहे. फोटो तुझाच आहे असं मी म्हटलं असतं, तर पोरीचं बोलणं कार्डावरून आलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ताबा भावोजींना मिळाला. महिन्यातून एकदा भेट, तू कचेरीतल्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. मग ती यायला नाही म्हणू लागली. हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं.

तू मला एकदाच फोन केलास. म्हणालीस, "तो शिडीचा फोटो तुझ्याकडे आहे ना रे? तेवढा दे, बाकी मी बघते." मी म्हटलं, "कुठला फोटो?" तुझ्याकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मग "बरं" म्हणालीस.

त्यानंतर सगळ्या पेट्या तपासणीला म्हणून परत मागवल्या. कार्ड सातच्या पाकिटांतून भाग ब काढला, रिकामी पाकिटं पुन्हा चिकटवली. चाळीस पेट्या, एका दुपारचं काम. मूळ फोटोही त्यातच फाडला. पट्टी एकच ठेवली, शब्दकोशात. का ठेवली, ते मला सांगता येत नाही. पुढचे काही महिने कुणीतरी तक्रार करेल म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. कुणी केली नाही. रिकामी पाकिटं तेरा वर्षं शाळाशाळांतून हिंडून आली आणि कुणाचं काही अडलं नाही.

हे वाचून तुला वाटेल, मी रडत लिहितोय. नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं झालंय. ते उतरायचं राहूनच गेलं. मला लाज वाटते हे मला माहीत आहे, पण ती वाटत नाही.

सोळा तारखेला भिंगरीचा पाठ आहे.

— धाकटा


१६ मार्च

ताई,

सकाळी लवकर गेलो. शब्दकोशातून पट्टी काढली, चौथ्या पेटीत सातच्या पाकिटात घातली आणि चिकटपट्टी लावली. दोनदा लावली, पहिली वाकडी बसली.

पाठ जवळच्या शाळेत, पाचवीच्या वर्गावर होता. मागच्या बाकावर आमच्या मॅडम, म्हणजे केंद्रप्रमुख, मूल्यमापनाचा तक्ता घेऊन, आणि त्यांच्या शेजारी मी. बाक इतका बुटका की माझे गुडघे हनुवटीशी आले.

ती चांगली शिकवते. मुलांवर ओरडत नाही, आवाज खाली नेते, मग मुलंच एकमेकांना गप्प करतात. हे तुझं. फोटो फळ्यावर लावला आणि म्हणाली, "यात काय दिसतं ते लिहा. काय वाटतं ते नंतर." हे कार्डावर छापलेलं नाही, तिचं स्वतःचं आहे. मला आवडलं. मुलांनी दिसतं ते लिहिलं नाहीच. "आईचा राग." "आता पाठीत धपाटा." "आमच्या काकूपण अशाच." एका चष्मेवाल्या मुलीने लिहिलं होतं, "बाईचा पंजा कुठे गेला?" सगळे हसले. भिंगरी हसली नाही. तिने ती ओळ फळ्यावर लिहिली.

घंटा झाली. मुलांनी दप्तरं उचलली. भिंगरीने कार्ड खोक्यात ठेवलं, त्यावर पाकीट ठेवलं. बंदच.

"छान," मॅडम म्हणाल्या. "वेळ अगदी चोख पाळलीत."

मी म्हटलं, "भाग ब राहिला."

"अहो, राहू द्या. तो दर वेळी राहतोच."

त्या हसल्या. मीही हसलो असतो, तेरा वर्षं हसतच आलोय. वर्गासमोर नको होतं हे मला कळत होतं. पण वर्ग रिकामा झाला की मी गप्प बसणार, हेही कळत होतं. मी उठायला गेलो तर गुडघा बाकात अडकला, बाक करकरला आणि मुलं थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पाकीट उघड, भिंगरे."

त्या नावाने तिला पुष्कळ वर्षांत कुणी हाक मारली नसावी. तिने नखाने चिकटपट्टी सोडवली. पट्टी फोटोच्या वर धरली. नीट बसेना, मग फळ्यावर टेकवून दोन्ही हातांनी दाबून धरली.

"शिडी!" एक मुलगा ओरडला. "शिडी पडतेय!"

"तिने धरलीय ती!"

"बाई, म्हणजे मारत नव्हती?"

बाई पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. वर्गशिक्षिका दारात आल्या होत्या, त्यांनी मुलांना हाताने बाहेर काढलं. चष्मेवाली शेवटपर्यंत मान वळवून बघत होती.

भिंगरीने पट्टी काढली. लावली. पुन्हा काढली.

"ही आई?"

"हो."

"ही मी."

"हो."

"फोटो तुम्ही काढला."

"हो."

"तिच्या या हातावर टाक्यांचे तीन पांढरे व्रण आहेत," ती म्हणाली. "त्या कचेरीतल्या टेबलावर मी ते बघत बसायचे. मला वाटायचं, मला मारताना हात कुठेतरी आपटला असेल."

मॅडम तक्ता छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांना यातलं काही कळत नव्हतं.

मग भिंगरी वळली. "तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

'तू' म्हणाली. मी तोंड उघडलं, ताई. खरंच उघडलं. खरी तीनच वाक्यं होती, पाठ होती. आली नाहीत.

"लिहिलंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"पत्रांत. तुझ्या आईला. पोचली नाहीत."

तिने पट्टी पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि निघून गेली. केंद्राची वस्तू बाहेर न्यायची तर वहीत नोंद करावी लागते. मी म्हटलं नाही तसं.

मॅडमनी हळूच विचारलं, "वेळ पाळल्याचे गुण किती लिहू मग?"

— धाकटा


२५ मार्च

ताई,

मॅडमना मी लेखी दिलं. खोटी सही, चौकशीत दिलेली खोटी उत्तरं, रिकामी पाकिटं, सगळं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय लिहून देताय?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी मला आजच्या दिवसानंतर घरी बसायला सांगितलंय, चौकशी होईल. चौकशीच्या त्या जुन्या कचेरीलाही एक प्रत पाठवली. त्याने आता काही फिरत नाही, तुझी पोर मोठी झाली, तेरा वर्षं कुणी परत देत नाही. तरी कागदावर असावं.

भिंगरी नऊ दिवस आली नाही. आज सकाळी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "पत्रं दे." मी चारही दिली. ती खिडकीशी बसून वाचू लागली. दोन मार्चचं पत्र वाचताना ती मध्येच उठली, बाहेर गेली, व्हरांड्यात फिरून आली, पुन्हा वाचायला बसली. मी कपाट आवरत होतो. आवरलेलंच होतं, पुन्हा आवरत होतो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला माफ वगैरे करणार नाहीये." मी म्हटलं, "नको." तेवढं बोलताना माझा आवाज फाटला. काय होतंय ते मला आधी कळेना. मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धूत होतो.

तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुझी संमती न घेता मी ही दुसरी गोष्ट केली. पहिलीची शिक्षा तू भोगलीस, हिची मी भोगेन, पण ती उद्या तुझ्या दारात उभी असेल. तेव्हा पोस्टमन समजून नकार देऊ नकोस. आवाज ओळखू येणार नाही. टाचा आपटत येते, ते ऐक.

ही पत्रं तिच्याच हाती देतोय. सोबत कोरं संमतीपत्र आहे. त्या पट्टीच्या चाळीस प्रती काढून पेट्यांत घालायच्या की कार्ड सात कायमचं काढून टाकायचं, ते तू ठरव. सहीची जागा मोकळी आहे. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

जाता जाता एक झालं. पाचवी ब मधल्या त्या पोरीचा कागद मी भिंगरीला दाखवला. पेटी पुन्हा त्याच शाळेत जायची होती, आणि आपल्याकडे पट्टी एकच आहे, म्हणून तिने पर्समधून पाकीट काढून परत केलं. तिने कागद पुढ्यात ओढला. मग माझ्याच पेन्सिलीने त्या गोल अक्षरांखाली लिहिलं, "नाही. तिने शिडी धरली होती. उशिरा सांगतेय, त्याबद्दल सॉरी." खाली सहीच्या जागी लिहिलं, "स्टुलावरची मुलगी."

मी कागद आणि पट्टी कार्ड सातच्या पाकिटात घातली. चिकटपट्टीचं रीळ हातात घेतलं आणि परत ठेवलं. पेटी दुपारी गेली. तुझंही पाकीट उघडंच आहे.

— धाकटा